नळीवाटे अन्न : एका शुश्रूषेचा इतिहास

श्रोतेहो, वसंतातल्या या व्याख्यानांत राज्यांचे, संतांचे आणि साहित्याचे विषय दरवर्षी येतात. आम्ही आज निवडलेला विषय त्या मानाने अगदी सामान्य, कित्येकांना तर अप्रियही वाटेल. अत्यवस्थ रोग्याच्या नाकातून पोटापर्यंत घातलेली एक बारीक नळी, एवढाच तो विषय. परंतु ज्यांच्या घरी मोठे दुखणे येऊन गेले आहे, त्यांना या नळीची ओळख करून द्यावी लागणार नाही. आपल्याकडे डॉक्टर, परिचारिका आणि वॉर्डबॉयदेखील तिला ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात. तिच्यातून दूध, पेज, वरणाचे पाणी किंवा डब्यातली तयार पूड कालवून घातलेली आपण पाहिलेली असते.

हा राइल कोण, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. जॉन आल्फ्रेड राइल हे लंडनच्या गायज् रुग्णालयातील डॉक्टर. त्यांनी १९२१ साली या नळीचे वर्णन प्रसिद्ध केले. गंमत अशी, की ती रोग्याला जेवू घालण्यासाठी केलेलीच नव्हती. जठरातला रस थोडा थोडा बाहेर काढून तपासावा, हा तिचा हेतू. त्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्सच्या लेव्हिन यांनीही तशीच एक नळी पुढे आणली, आणि अमेरिकेत तिला त्यांचे नाव पडले. पोटातून काढण्यासाठी केलेली वस्तू पुढे पोटात घालण्यासाठी वापरात आली. साधन एका कामासाठी जन्मावे आणि दुसऱ्याच कामाने ओळखले जावे, असे इतिहासात पुष्कळदा होते.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला एक घरगुती कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांना पक्षाघात झाला आणि त्यांचे गिळणे बंद पडले. नळी घातली गेली, खाटेशी अन्नाची पिशवी टांगली गेली, आणि आम्ही सारे निश्चिंत झालो. चौथ्या दिवशी एका तरुण परिचारिकेने कागद पुढे ठेवून बेरीज केली, तेव्हा कळले की ठरलेल्या अन्नाचा निम्माही भाग पोटात गेलेला नाही. एकदा तपासणीसाठी बंद केले, एकदा उलटी झाली म्हणून बंद केले, एका रात्री नळी तुंबली. आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करायचे राहून गेले. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. परंतु नळी घातली म्हणजे माणूस जेवला, हा आमचा समज त्या दिवशी गळून पडला. या नळीचा सारा इतिहास म्हणजे हाच समज पुन्हा पुन्हा गळून पडण्याचा इतिहास आहे, असे पुढे वाचनानंतर आमचे मत झाले.

तोंडाने खाता येत नसेल तर अन्न कोठून द्यावे, या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर नळीचे असले तरी नाकाचे नाही. ते गुदमार्गाचे आहे. प्राचीन मिसरात हा उपाय होता. आपल्याकडे चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात बस्तीचा मोठा विस्तार आहे. त्यात दूध, तूप, मध, मांसरस अशा द्रव्यांच्या, बल वाढविण्यासाठी सांगितलेल्या बस्तीही आहेत. युरोप-अमेरिकेत तर ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रतिष्ठित होती. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टन येथे गोळी झाडली गेली. पुढे त्यांच्या पोटात अन्न ठरेना, तेव्हा डॉ. ब्लिस यांनी गोमांसाचा अर्क, अंड्याचा बलक, व्हिस्की असे पदार्थ गुदमार्गे देण्यास आरंभ केला. दोनशे पौंडांहून अधिक वजनाचा तो धिप्पाड पुरुष एकशे तीसच्या आसपास आला, आणि १९ सप्टेंबरला मरण पावला. मृत्यूचे मुख्य कारण जखमेतील जंतुदोष हे खरे. परंतु अडीच महिने ते उपाशीही होते, हेही खरे. मोठ्या आतड्यात पाणी आणि क्षार चांगले शोषले जातात, पण प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ तेथून शरीराला जवळजवळ मिळत नाहीत. म्हणजे राष्ट्राध्यक्षांना ज्या वाटेने अन्न दिले, ती वाट इच्छित स्थळी जातच नव्हती. पुढल्याच वर्षी डॉ. ब्लिस यांनी या पद्धतीच्या पुरस्कारार्थ पुस्तिका प्रसिद्ध केली! दिले म्हणजे मिळाले, ही समजूत विद्वानांनाही सोडीत नाही.

वरून जाणारी वाट शोधण्याचे प्रयत्नही जुने आहेत. १५९८ साली इटलीत कापिव्हाच्चिओ यांनी पोकळ नळीला मूत्राशयाची पिशवी बांधून अन्ननलिकेत द्रव ढकलण्याची युक्ती योजिली. १६१७ साली फाब्रिसियस या शरीरशास्त्रज्ञांनी धनुर्वाताच्या रोग्यांसाठी नाकातून घशापर्यंत जाणारी चांदीची नळी वापरली. धनुर्वातात जबडा मिटतो. नाकाची वाट का घ्यावी लागली, हे यावरून ध्यानी येईल. मात्र चांदी वाकत नाही, आणि घसा सरळ नाही. ही अडचण १७९० साली लंडनचे प्रसिद्ध शल्यवैद्य जॉन हंटर यांनी सोडविली. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या एका रोग्यासाठी त्यांनी देवमाशाच्या लवचीक अस्थीवर लहान वाम माशाची कातडी चढवून नळी तयार केली आणि तिच्यातून अंडी, दूध, साखर, वारुणी यांचे मिश्रण जठरात पोहोचविले. तो रोगी अखेर पुन्हा गिळू लागला. जठरात अन्न पोहोचवून प्राण राखता येतो, हे या उदाहरणाने दाखवून दिले. पुढे रबराच्या नळ्या आल्या, आणि १८९५ साली मॉरिसन यांनी घटसर्पाने घसा रुद्ध झालेल्या मुलांना नळीवाटे अन्न देण्याचे महत्त्व सांगितले.

येथवरची कथा दयेची आहे. परंतु याच नळीची दुसरी एक कथा आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकोणिसाव्या शतकातील वेड्यांच्या इस्पितळांत न जेवणाऱ्या रोग्यांना बळाने नळी घालीत. १९०९ साली मतदानाचा हक्क मागणाऱ्या इंग्रज स्त्रियांनी तुरुंगात अन्नत्याग केला, तेव्हा सरकारने तीच नळी त्यांच्यावर चालविली. आपल्या देशात १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात भगतसिंगांचे सहकारी जतीन्द्रनाथ दास यांनी राजबंद्यांना माणसासारखे वागवावे यासाठी १३ जुलैला उपोषण आरंभिले. त्यांना बळाने दूध पाजण्याचा प्रयत्न झाला. दूध फुप्फुसात गेले. त्रेसष्टाव्या दिवशी, १३ सप्टेंबर रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. १९३३ साली अंदमानच्या कारागृहातील उपोषणात महावीर सिंह हेही अशाच जबरदस्तीत गेले.

या प्रसंगांतून वैद्यकाने दोन धडे घ्यावयाचे होते. पहिला शरीराचा. नाकातून घशात उतरलेल्या नळीपुढे दोन दारे असतात, एक अन्ननलिकेचे आणि एक श्वासनलिकेचे. शुद्धीवरचा माणूस स्वस्थ बसून गिळू लागला, तर नळी सहसा योग्य दाराने जाते. धडपडणाऱ्या किंवा बेशुद्ध माणसाची ती खात्री नाही. दुसरा धडा मनाचा. जो शुद्धीवर आहे, ज्याला परिणाम कळतो आणि जो नाही म्हणतो, त्याच्या देहात नळी घालण्याचा अधिकार वैद्याला आहे काय? जागतिक वैद्यक संघाने १९७५ साली टोकियोच्या घोषणेत, जाणतेपणी अन्न नाकारणाऱ्या बंदिवानाला कृत्रिमरीत्या अन्न देऊ नये, असे सांगितले. तरीही प्रश्न संपलेला नाही. मणिपूरच्या इरोम शर्मिला यांना २००० च्या नोव्हेंबरपासून २०१६ च्या ऑगस्टपर्यंत नाकातील नळीवाटेच जगविले गेले. नळी एका माणसाला सोळा वर्षे जगवू शकते, हे यातून दिसले. कोणाच्या इच्छेने, हा प्रश्न नळीला सोडविता येत नाही.

आता मुख्य प्रवाहाकडे येऊ. आजारी माणसाला अन्नाची गरज ती किती? आपल्याकडे ‘लंघन परम औषध’ ही म्हण आहे, आणि साध्या तापात ती खोटीही नाही. परंतु मोठी जखम, भाजणे, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी शरीर काय करते, हे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत नीट उमगले नव्हते. ग्लासगोच्या कथबर्टसन यांना आढळले, की पाय मोडलेला माणूस खाटेवर निजून असतानाही त्याचे स्नायू झिजत असतात आणि त्यांतील नत्र मूत्रावाटे बाहेर पडत असतो. १९३६ साली क्लीव्हलँडच्या स्टडली यांनी पोटातील व्रणावर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची साधी मोजणी केली. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन पाचव्या हिश्शाहून अधिक घटले होते त्यांच्यातील तिसरा हिस्सा दगावला. ज्यांचे तितके घटले नव्हते त्यांच्यात शंभरी साडेतीनच. रोगाबरोबर भूकही मारते, हे वजनकाट्याने दाखविले.

मग आली युद्धे आणि दुष्काळ. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात रस्त्यावर पडलेली माणसे इस्पितळात आणली जात आणि अन्न मिळूनही मरत. कलकत्त्यातील डॉक्टरांनी तेव्हा आधीच पचविलेली प्रथिने देण्याचे प्रयोग केले. हाच अनुभव घेऊन ब्रिटिश वैद्यक एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीतील बेल्सन येथील छळछावणीत पोहोचले. दूधपूड, पीठ आणि साखर यांच्या त्या पेयाचे नावच ‘बंगाल फॅमिन मिक्श्चर’ असे होते. पूर्व युरोपातील त्या जिवांना ते असह्य गोड लागले. पचविलेली प्रथिने नाकातील नळीने किंवा शिरेतून देऊ गेल्यास ते भयाने ओरडत. कारण सुई आणि नळी यांचा अर्थ त्या छावणीत मृत्यू असा होता. जॅनेट व्हॉन, चार्ल्स डेंट आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांनी तेथे काम करून निष्कर्ष काढला, की त्या महाग प्रथिनांपेक्षा थोडे थोडे, वारंवार पाजलेले साधे दूध अधिक उपयोगी पडते. सुटका झाल्यावरही तेथे दहा हजारांहून अधिक माणसे मरण पावली.

दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम यांसारखे क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि हृदय बंद पडू शकते, हे आज आपणांस ठाऊक आहे. आपल्या वैद्यांना फॉस्फरस ठाऊक नव्हता. पण शोधनानंतर आधी पेया, मग विलेपी, मग यूष, मग मांसरस असा क्रम त्यांनी घालून दिला होता. सारे शास्त्र आपल्याकडे आधीच होते असे म्हणण्याची हौस आम्हाला नाही. रिकाम्या पोटाला हळूहळू वळवावे लागते, हा अनुभव मात्र जुना आहे, आणि तो विसरण्याची किंमत प्रत्येक पिढीने दिली आहे.

अतिदक्षता विभागाचा जन्म १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत झाला. ब्लेगडाम रुग्णालयात डॉ. इब्सेन यांनी रोग्यांच्या कंठाला छिद्र करून फुप्फुसात हवा भरण्याची पद्धत आणली, आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशव्या दाबून माणसे जगविली. जो पूर्वी दोन दिवसांत मरत असे तो आता दोन महिने जगू लागला. अर्थातच त्याच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारूख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रोग्यांवर अतिदक्षतेचे उपचार करून मोठे काम केले. फाब्रिसियसच्या चांदीच्या नळीने ज्या रोगापासून सुरुवात केली, त्याच रोगाशी ही झुंज होती.

याच सुमारास एक प्रतिस्पर्धी पुढे आला. १९६८ साली फिलाडेल्फियात डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ शिरेतून पूर्ण अन्न देऊन कुत्र्याची पिले वाढविल्याचे आणि पुढे एका अर्भकाला पोसल्याचे जगाला दाखविले. ज्यांचे आतडेच निकामी, त्यांना हे वरदान होते आणि आजही आहे. परंतु आतडे चांगले असलेल्यांनाही शिरेतून अन्न देण्याची लाट आली. त्याच वेळी, १९७४ साली, अमेरिकेचे डॉ. बटरवर्थ यांनी रुग्णालयांतच माणसे उपाशी राहत आहेत, असे उघडपणे लिहिले. १९८० साली गॉडरर आणि पोन्स्की यांनी दुर्बिणीच्या साह्याने, पोट न फाडता, जठरात थेट नळी बसविण्याची रीत प्रसिद्ध केली. दीर्घकाळच्या रोग्यांची नाकातील नळीतून सुटका झाली. १९९२ साली मेम्फिसच्या कुड्स्क यांनी मोठ्या दुखापती झालेल्यांत दाखविले, की शिरेपेक्षा आतड्यातून अन्न दिलेल्यांना जंतुदोष कमी होतो. पुढील मोठ्या पाहण्यांनी या निष्कर्षाला मुरड घातली. २०१४ साली इंग्लंडमधील २,४०० रोग्यांत दोन्ही वाटांनी मृत्यूचे प्रमाण सारखेच निघाले. २०१८ साली फ्रान्समध्ये, ज्यांचा रक्तदाब औषधांनी धरून ठेवला होता अशा रोग्यांत, घाईने आतड्यात पूर्ण अन्न घातल्यास आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रसंग अधिक आढळले. आतडे चालत असेल तर ते वापरावे, हा नियम राहिला. त्याला ‘रक्ताभिसरण सावरल्यावर’ हे शब्द जोडले गेले.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जी सुधारणा झाली, तिचे स्वरूप आम्हाला विशेष वाटते. कारण तिच्यातील बराच भाग यंत्रांचा नसून सवयींचा आहे. १९९९ साली बार्सिलोना येथे ८६ रोग्यांची तुलना झाली. जे उताणे निजविले होते त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांना न्यूमोनियाची शंका आली. ज्यांच्या पाठीशी खाट उचलून त्यांना अर्धवट बसते ठेवले होते त्यांच्यात ८ टक्क्यांनाच. खाटेचा दांडा फिरविण्यास किती खर्च येतो?

दुसरी सवय याच्या उलट, सोडून देण्याची. दर काही तासांनी पिचकारीने जठरातील शिल्लक अन्न ओढून मोजावे आणि ते जास्त निघाल्यास अन्न थांबवावे, असा नियम होता. सावधपणाचा वाटणारा हा नियम अनेकांच्या उपासाचे कारण होत असे. २०१३ साली फ्रान्समध्ये ४४९ रोग्यांत असे दिसले, की हे मोजमाप न केल्याने न्यूमोनिया वाढत नाही, आणि अन्न मात्र अधिक जाते. तिसरी सवय हिशेबाची. ताशी ५० मि.लि. प्रमाणे दिवसाचे १,२०० मि.लि. ठरले, आणि मध्ये सहा तास बंद राहिले, तर जुन्या रीतीने ३०० मि.लि. बुडाले ते बुडालेच. कॅनडातील डॉ. हेलँड यांनी सुचविले, की तासाचा वेग न नेमता दिवसाचे माप नेमावे, आणि बुडालेले मर्यादेत राहून भरून काढण्याची मुभा परिचारिकेला द्यावी. या पद्धतीनेही पूर्ण माप गाठले गेले नाही, पण अन्न वाढले. आणि मुख्य म्हणजे हिशेब कोणाचा, हे ठरले.

मग जितके अधिक तितके बरे काय? येथेही इतिहासाने नम्रपणा शिकविला. २०१२ साली अमेरिकेत फुप्फुसांना गंभीर इजा झालेल्या हजार रोग्यांना पहिले सहा दिवस थोडे किंवा पूर्ण अन्न देऊन पाहिले. जगण्यात फरक पडला नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे सुमारे चार हजार रोग्यांत अधिक दाट अन्नाने अधिक माणसे वाचली नाहीत. २०२३ साली फ्रान्समधील तीन हजारांवर रोग्यांत, आरंभीच्या दिवसांत कमी अन्न दिलेले रोगी अतिदक्षता विभागातून किंचित लवकरच बाहेर पडले. याचा अर्थ उपाशी ठेवावे असा नव्हे. पहिल्या दोन दिवसांत थोडे सुरू करावे, मग पायरीपायरीने वाढवावे, आणि ठरविलेले खरोखर पोहोचते की नाही ते पाहावे, एवढाच त्याचा अर्थ.

श्रोतेहो, या साऱ्यातून आपण घरी काय न्यावे? आपल्यापैकी बहुतेक जण वैद्य नाहीत. परंतु खाटेशी बसण्याची पाळी प्रत्येकावर येते. त्या वेळी नम्रपणे चार गोष्टी विचाराव्यात. नळी जठरातच आहे याची खात्री कशी केली? नुसती हवा फुंकून आवाज ऐकणे भरवशाचे नाही. क्ष-किरणाने किंवा काढलेल्या रसाच्या आम्लतेने पाहावे लागते. डोक्याकडची बाजू उचललेली आहे ना? आज किती ठरले होते आणि किती गेले? थांबविले असेल तर का, आणि पुन्हा केव्हा? आणि मायेपोटी आपण होऊन घरची पेज नळीत ओतू नये. तिथल्या परिचारिकेला विचारल्यावाचून तर मुळीच नाही. रोगी शुद्धीवर असेल तर पाचवा प्रश्न त्यालाच विचारावा, की त्याला हे हवे आहे काय.

राइल यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. पोटाचे हे निष्णात डॉक्टर केंब्रिज येथे प्राध्यापक झाले, आणि १९४३ साली ते मोठे पद सोडून ऑक्सफर्ड येथे सामाजिक वैद्यकाचे पहिले प्राध्यापक झाले. माणसे आजारी का पडतात याचे उत्तर केवळ जठराच्या रसात नाही. घर, काम आणि अन्न यांतही आहे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांची नळी आज आपल्या गावोगावच्या रुग्णालयांत आहे. आमचे ते आप्त पुढे सहा आठवड्यांनी चमच्याने वरणभात खाऊ लागले. नळी काढली त्या दिवशी त्या तरुण परिचारिकेने आपल्या कागदावर शेवटची बेरीज केली आणि खाली रेघ ओढली. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे.